अँजिओप्लास्टीनंतर चालायला लागले तेव्हा: जळगावातलं एक वर्ष

डिसेंबर 2024 मध्ये माझी अँजिओप्लास्टी झाली, म्हणजे हृदयाची अडलेली नळी आतून उघडून घेतली. तेव्हा मी एकावन्न वर्षांची होते. घरी सोडताना दवाखान्यातून जी फाइल मिळाली, तिच्यात गोळ्यांचं वेळापत्रक अगदी तासवार लिहिलं होतं आणि सगळ्यात खाली एक ओळ होती, ‘हलका व्यायाम, चालणे.’ किती चालायचं, कधीपासून, चालताना काही झालं तर काय करायचं, जिना चढायचा की नाही, आपल्याकडच्या उन्हाळ्यात काय, यातलं काहीच नव्हतं. त्या एका ओळीचा अर्थ लावण्यात माझं वर्ष गेलं. आता आमच्या ओळखीत कुणाची अँजिओप्लास्टी झाली की मला फोन येतो आणि प्रश्न तेच असतात, म्हणून सगळं एकदा नीट लिहून ठेवतेय.

मी दाणाबाजारात एका होलसेल दुकानात हिशेब बघते. सकाळी दहाला खुर्चीत बसलं की दिवाबत्तीपर्यंत तिथंच. माझे वडील हृदयविकाराने साठीच्या आत गेले. मला रक्तदाब होता, त्याची गोळी चालू होती. त्या आठवड्यात घराचा जिना चढताना दम लागायला लागला. मग एका संध्याकाळी दुकानातच जबडा दुखू लागला, डावा खांदा जड झाला आणि ऐन थंडीत कपाळावर घाम आला. छातीत जोराची कळ वगैरे काही नव्हती. हे मुद्दाम सांगते, कारण बायकांमध्ये हृदयविकार पुष्कळदा असाच येतो. जबडा, पाठ, मळमळ, न समजणारा थकवा. आमच्या फॅमिली डॉक्टरांनी लगेच ईसीजी काढला, अ‍ॅस्पिरिन चावून खायला लावली आणि 108 ला स्वतः फोन केला. रात्रीच मनगटातून अँजिओग्राफी (हृदयाच्या नळ्यांची तपासणी) झाली, एका मुख्य नळीत मोठा अडथळा निघाला आणि तिथल्या तिथे एक स्टेंट, म्हणजे नळी उघडी ठेवणारी बारीक जाळी, बसला.

पैशाचं सांगते, कारण पहिल्या रात्री घरच्यांच्या डोक्यात तेच असतं. दवाखाना महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत होता. जुलै 2024 पासून या योजनेत कुटुंबाला वर्षाला 5 लाखांपर्यंतचं संरक्षण आहे, आधी ते दीड लाख होतं. शिवाय आता केशरी-पिवळ्या कार्डाची अटही राहिलेली नाही, पांढरं कार्डही चालतं. दवाखान्याच्या दाराशी आरोग्यमित्राचं टेबल असतं, तिथं रेशन कार्ड आणि आधार द्यायचं. आमचं कार्ड अमळनेरचं, सासऱ्यांच्या वेळचं. त्यावर माझं सासरचं नाव आणि आधारवर अजून माहेरचं. आरोग्यमित्राने तातडीची केस म्हणून फोनवर कळवून मंजुरीचं काम पुढे सरकवलं, पण कागद दोन दिवसांत पुरे करून द्या म्हणून सांगितलं. माझे मिस्टर बिचारे एका दिवसात अमळनेरला जाऊन लग्नाचा दाखला आणि कार्डाची मूळ प्रत घेऊन आले. तर आजच उठून आपल्या घरातल्या प्रत्येकाचं आधारवरचं आणि रेशन कार्डावरचं नाव जुळतं का ते बघून घ्या. नाव दुरुस्तीला निवांत दिवसात फार त्रास होत नाही, आयसीयूच्या बाहेर उभं राहून होतो. काही अडलं तर योजनेचा 155388 हा नंबर आहे. सोडताना आमच्याकडून भरतीचे आणि स्टेंटचे पैसे घेतले नाहीत. मात्र पुढच्या तपासण्या, गोळ्या आणि व्यायामाचं मार्गदर्शन हे सगळं आम्ही खिशातून केलं.

चौथ्या दिवशी घरी आले. इकोमध्ये, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीत, हृदयाची पंप करण्याची क्षमता 45 टक्के आली होती. ती साधारण 55 च्या पुढे असावी लागते.

मग माणसं यायला लागली. खान्देशात माणूस आजारी पडलं की अख्खं गाव भेटून जातं, आणि त्यात माया असते हे खरंच. पण प्रत्येक जण एकच सांगत होता, हलू नको. सासूबाई तर मला पाण्याचा तांब्यासुद्धा उचलू देईनात. “तू बठी ऱ्हाय माय, मी करस ना,” एवढंच दिवसभर. पंचाहत्तरीच्या सासूने करायचं आणि मी पलंगावर बसून बघायचं. त्यांची भीती मला कळत होती, कारण रात्री दिवे गेले की तीच भीती माझ्याही अंगावर यायची. उशीला कान लावला की ठोके ऐकू यायचे आणि एखादा मागेपुढे झाला असं वाटलं की झोप उडायची. संडासला उठून जायलाही भीती वाटायची. अँजिओप्लास्टीनंतर हे खूप जणांना होतं, पण कुणी बोलत नाही. मी आठवड्याने तपासणीला गेले तेव्हा डॉक्टरांना आधी हेच सांगितलं. ते म्हणाले, “भीतीवरही व्यायामच औषध आहे, पण तो मोजून करायचा.” आणि त्यांनी एका फिजिओथेरपिस्टच्या नावाने चिठ्ठी दिली.

ही चिठ्ठी मागून घ्या. न मागता ती मिळेलच असं नाही.

फिजिओ मॅडम माझ्या मुलीच्या वयाच्या. एका भेटीचे 400 रुपये. आधी आठवड्यातून एकदा, नंतर महिन्यातून एकदा एवढंच जायचं होतं, बाकी सगळं घरी करायचं. पहिल्या भेटीत त्यांनी सहा मिनिटं चालण्याची चाचणी घेतली. तीस मीटरचा व्हरांडा, दोन्ही टोकांना एकेक खूण, बोटाला ऑक्सिजन मोजायची चिमटी. सहा मिनिटांत जमेल तेवढं चालायचं, दम लागला तर थांबायचं, घड्याळ थांबत नाही. माझं 310 मीटर भरलं. आकडा काय आला यापेक्षा मला दुसरीच गोष्ट महत्त्वाची वाटली. कुणीतरी समोर उभं राहून मला चालताना बघितलं आणि काही झालं नाही. त्या रात्री मी पहिल्यांदा सलग झोपले.

त्यांनी मला जे समजावलं ते मी घरी येऊन सगळ्यांना समजावलं. स्टेंटने एक नळी उघडली, पण नळ्यांमध्ये चरबी साठण्याचा आजार तसाच आहे. त्याच्यावर गोळ्या, खाणं आणि व्यायाम हे तिन्ही चालतात. चालण्याने पायांचे स्नायू रक्तातला प्राणवायू जास्त चांगला वापरायला शिकतात, म्हणजे तेवढ्याच कामाला हृदयाला कमी ठोके द्यावे लागतात. रक्ताचा वेग वाढला की नळ्यांच्या आतल्या अस्तरातून नायट्रिक ऑक्साइड सुटतो आणि नळ्या सैल होतात, रक्तदाब उतरतो. साखर आणि ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी) आटोक्यात येतात. हृदयविकारानंतर देखरेखीखाली व्यायाम करणाऱ्यांमध्ये हृदयविकाराने होणारे मृत्यू आणि पुन्हा भरती व्हायची वेळ, दोन्ही कमी होतात, हे मोठमोठ्या अभ्यासांतून पुन्हापुन्हा दिसलंय. सासूबाईंनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, “डॉक्टरनी सांगेल शे ना?” हो म्हटल्यावर दुसऱ्या दिवसापासून त्याच माझ्याबरोबर अंगणात फेऱ्या घालायला लागल्या.

सुरुवात पाच-पाच मिनिटांची होती, दिवसातून चार वेळा, घरातल्या घरात आणि अंगणात. दर दोन-तीन दिवसांनी एखादं मिनिट वाढवायचं. जेवणानंतर दीड-दोन तास चालायचं नाही. आधी पाच मिनिटं अगदी सावकाश आणि शेवटची पाच मिनिटंही सावकाश. हे शेवटचं लोक टाळतात, पण भरभर चालता चालता एकदम थांबलं तर रक्त पायात साचून राहतं, रक्तदाब उतरतो आणि चक्कर येते. सॉर्बिट्रेटची गोळी (हृदयाच्या नळ्या सैल करणारी) पदराला बांधल्यासारखी कायम जवळ. छातीत दडपण, जबड्यात दुखणं, गरगरणं, नेहमीपेक्षा जास्त दम, यातलं काहीही झालं की थांबायचं, खाली बसायचं आणि बसूनच गोळी जिभेखाली ठेवायची. पाच मिनिटांत बरं वाटलं नाही तर 108. हा कागद मी फ्रिजवर चिकटवला, मुलाच्या फोनमध्येही टाकला.

किती जोरात चालायचं हे कसं ओळखायचं, हा सगळ्यांचा प्रश्न असतो. मुलाने हौसेने नाडी दाखवणारं घड्याळ आणलं होतं. पण मला मेटोप्रोलॉल चालू आहे, आणि ही गोळी नाडी वाढूच देत नाही. त्यामुळे घड्याळातला आकडा कमी दिसतो आणि आपल्याला वाटतं अजून जोर लावावा. मॅडमनी त्याऐवजी दोन गोष्टी शिकवल्या. एक, चालताना शेजारच्याशी पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे, पण गाणं म्हणता येऊ नये. दुसरी बोर्गची पट्टी, 6 ते 20 आकड्यांची. 6 म्हणजे काहीच कष्ट नाहीत, 20 म्हणजे जीव जाईल एवढे कष्ट. आपण 11 ते 13 मध्ये राहायचं, म्हणजे ‘हलकं’ ते ‘थोडं जड’. सुरुवातीला हे आकडे अंदाजपंचे वाटतात, पण पंधरवड्यात अंगाला बरोबर कळायला लागतं.

या सुमारास माझा धाकटा भाऊ भेटायला आला. तो एसटीत कंडक्टर आहे. त्याला मी मॅडमनी सांगितलेली गोष्ट सांगितली. 1953 साली लंडनमध्ये जेरी मॉरिस नावाच्या डॉक्टरांनी तिथल्या दुमजली बसच्या ड्रायव्हर आणि कंडक्टरांचा अभ्यास छापला. बस एकच, पगार जवळपास सारखाच, पण दिवसभर बसून असणाऱ्या ड्रायव्हरांपेक्षा जिने चढउतार करणाऱ्या कंडक्टरांना हृदयविकार कमी होता. व्यायाम आणि हृदय यांचा संबंध आकड्यांनी दाखवणाऱ्या पहिल्या अभ्यासांपैकी तो एक. भाऊ थोडा वेळ गप्प बसला आणि म्हणाला, “ताई, आमचे ड्रायव्हर स्टँडवर चहाला पण गाडीतनं उतरत नाहीत, मी आता त्यांना खाली ओढतो.” आणि तो खरंच तसं करतो. आणि मी हिशेबाच्या खुर्चीत होते, म्हणजे ड्रायव्हरच्याच बाजूला. आता दुकानात दर तासाला उठून गोडाऊनपर्यंत जाऊन येते. शेटजींना आधीच सांगून ठेवलं, त्यांनी खळखळ केली नाही. रुजू होताना डॉक्टरांचा फिटनेसचा दाखला नेला होता, त्यात ‘दर तासाला पाच मिनिटं चालण्याची मुभा’ असं मी लिहून घेतलं होतं. नोकरी करणाऱ्यांनी हे जरूर करावं. तोंडी सांगण्यात आणि लेटरहेडवर लिहून आणण्यात फरक पडतो.

फेब्रुवारी 2025 च्या शेवटी स्ट्रेस टेस्ट झाली. खर्च 1,500 रुपये. तिची मला फार धास्ती होती. सरकत्या पट्ट्यावर चालायचं, दर तीन मिनिटांनी वेग आणि चढ दोन्ही वाढतात. पहिल्या टप्प्यात ताशी 2.7 किलोमीटर आणि 10 टक्के चढ, दुसऱ्यात 4 किलोमीटर आणि 12 टक्के. छातीला तारा, दंडाला दाबाचा पट्टा, शेजारी डॉक्टर आणि आपत्कालीन सामान. कुठल्याही क्षणी हात वर केला की ते थांबवतात. मी दुसरा टप्पा पुरा केला, तिसऱ्यात पाय भरून आले म्हणून थांबले. छाती मात्र शांत होती आणि ईसीजीही. सैल सलवार-कमीज आणि बंद बूट घालून जा, साडी-चपलेत होत नाही. दोन-तीन तास आधी हलकं खाऊन घ्या. सकाळची मेटोप्रोलॉल घ्यायची की नाही ते आदल्या दिवशी विचारा, स्वतःच्या मनाने चुकवू नका.

टेस्टनंतर बाहेर चालायची परवानगी मिळाली. मेहरूण तलाव आमच्या घरापासून जवळ. सकाळी सहाला तिथं बायका, म्हातारी माणसं, पोलीस भरतीची पोरं, सगळे असतात, त्यामुळे एकटीला भीती वाटत नाही. बोरांचे दिवस संपत आले होते, तलावाकाठी एक आजी टोपलीत शेवटची मेहरूणची बोरं घेऊन बसायच्या. सवाष्ण बाई रोज बूट घालून चाललेली बघून त्यांनी एकदा विचारलं, “कथा चालनी वं इतली सकाय?” म्हणजे इतक्या सकाळी कुठे चाललीस गं? मी स्टेंटचं सांगितलं, तर त्यांनी पोलक्याखालची छातीची मोठी शिवण दाखवली. बायपास झालेल्या होत्या आणि रोज पायी टोपली घेऊन येत होत्या. त्यानंतर त्यांच्यापाशी क्षणभर थांबणं हा माझ्या फेरीचा भाग झाला.

जागतिक आरोग्य संघटनेने 2020 साली मोठ्यांसाठी जे सांगितलंय त्यात आठवड्याला 150 ते 300 मिनिटं मध्यम व्यायाम आणि दोन दिवस स्नायूंना ताकद देणारा व्यायाम असं आहे. मी मार्चअखेर 150 पर्यंत पोचले. पण आपल्याकडे मार्चनंतर काय होतं ते सगळ्यांना माहीत आहे.

एप्रिलमध्ये भुसावळ-जळगावचा पारा 44 च्या पुढे जायला लागतो. उकाड्यात हृदयाला दुहेरी काम पडतं, स्नायूंनाही रक्त पुरवायचं आणि अंग थंड ठेवायला कातडीलाही. त्यात दाबाच्या गोळ्या चालू असल्या की घाम गेल्यावर दाब पटकन खाली येतो. म्हणून मे महिन्यात मी बाहेर फक्त पहाटे साडेपाचला आणि तेही वीसेक मिनिटंच जायचे. उरलेलं घरात, पंख्याखाली. जागच्या जागी पावलं टाकणं, जिन्याच्या खालच्या पायरीवर चढ-उतर, ओसरीत फेऱ्या. जवळ पाण्याची बाटली. पाणी किती प्यायचं हे मात्र ज्यांचं पंपिंग कमी आहे त्यांनी डॉक्टरांना विचारूनच ठरवावं. काहींना पाण्यावर बंधन असतं, मला नव्हतं. 30 एप्रिलला आखाजी (अक्षय्य तृतीया) होती, माहेरी गेले. आमरस, सांजोऱ्या, खापरावरच्या पुरणपोळ्या. एक पोळी खाल्ली, वाटीभर रस घेतला आणि संध्याकाळी ऊन कलल्यावर भावजयीबरोबर शेताच्या बांधापर्यंत सावकाश चालून आले.

ताकदीचा व्यायाम मी जूनपासून सुरू केला. खुर्चीवरून हाताचा आधार न घेता उठायचं-बसायचं, भिंतीला हात टेकवून जोर मारायचे आणि हातात वजन घेऊन कोपरातून दंड वाकवायचे. वजन म्हणून दुकानातल्या तूरडाळीच्या किलो-किलोच्या पिशव्या वापरते. वजन उचलताना श्वास रोखायचा नाही, कारण श्वास रोखला की दाब एकदम चढतो. उचलताना तोंडाने सोडायचा. म्हणून मी उचलताना मोठ्याने आकडे मोजते, म्हणजे श्वास अडकत नाही.

श्रावणात कानबाई, म्हणजे आमच्या खान्देशातली देवी, आली. आमच्याकडे नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई बसते आणि सोमवारी वाजतगाजत विसर्जन. फुगड्या, नाच, डोक्यावर ऊन. नणंदेने आधीच बजावलं होतं, तू फक्त मागून चाल. मी मॅडमना फोन करून विचारलं. त्या म्हणाल्या, नाचाल तर नाचा, पण फुगडीची गरगर नको, आणि पूर्ण वाक्य बोलता येईनासं झालं की बाजूला व्हा. हेच माझं माप होतं. मी गल्लीच्या तोंडापासून मारुतीच्या देवळापर्यंत संबळाच्या ठेक्यावर नाचले, मग बाजूला होऊन पाणी प्यायले, मग पुन्हा नाचले. सासूबाई माझ्यापुढे नाचत होत्या आणि दर थोड्या वेळाने मागे वळून बघत होत्या. वर्षभरातला माझा सगळ्यात आनंदाचा दिवस तोच.

पावसाळ्यात चिखलामुळे काही आठवडे मेहरूण बंद झालं, तेव्हा ‘भाऊंचं उद्यान’ नावाच्या बागेत जायचे. दिवाळीत घरकामात आणि पाहुण्यांत व्यायाम जवळजवळ थांबला. परत सुरू करताना मी जुन्या वेगाने सुरू केलं नाही, दोन पावलं मागे जाऊन सुरू केलं. हेही मॅडमनी आधीच सांगून ठेवलं होतं. आठ-दहा दिवसांचा खंड पडला की पुन्हा खालून चढायचं.

डिसेंबर 2025 च्या तपासण्यांत पंपिंग 53 टक्के आलं. एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, 142 वरून 61 वर आलं, त्यात मोठा वाटा कोलेस्टेरॉल उतरवणाऱ्या अ‍ॅटोरव्हास्टॅटिनचा आहे, व्यायामाने ते एवढं उतरत नाही, हे स्पष्ट सांगते. म्हणजे चालायला लागलो म्हणून गोळी बंद, असं कुणी करू नये. स्टेंटनंतर वर्षभर रक्त पातळ ठेवणाऱ्या दोन गोळ्या होत्या. त्यातली एक डॉक्टरांनी आता बंद केली, अ‍ॅस्पिरिन कायम. ती दुसरी गोळी मुदतीआधी मनाने सोडली तर स्टेंटमध्ये गुठळी होऊ शकते, त्यामुळे दात काढायचा असो की आणखी काही, आधी हृदयाच्या डॉक्टरांना विचारा.

खर्चाचं एकत्र सांगायचं तर बूट 1,800, फिजिओच्या वर्षभरातल्या भेटींचे सहा-सात हजार, दोन स्ट्रेस टेस्टचे 3,000, दोन इकोचे 4,000, रक्ततपासण्यांचे साधारण अडीच हजार. गोळ्यांना आधी महिन्याला बाराशेच्या आसपास जायचे. डॉक्टरांकडून औषधांची मूळ नावं लिहून घेतली आणि बऱ्याचशा गोळ्या जनऔषधी केंद्रातून घ्यायला लागले तेव्हा निम्म्यावर आले. चालण्याला स्वतःला काहीच लागत नाही.

आता सकाळी पस्तीस-चाळीस मिनिटं, आठवड्यातून पाच दिवस, आणि मंगळवार-शुक्रवार डाळीच्या पिशव्या. मधे मधे एखाद-दोन मिनिटं भरभर चालून परत सावकाश यायचं, असं मॅडमनी नवीन दिलंय. ते सगळ्यांनी आपल्या मनाने करू नये, मला दुसऱ्या स्ट्रेस टेस्टनंतरच परवानगी मिळाली.

आणि तुमच्या घरातलं कुणी आत्ता दवाखान्यात असेल तर सुट्टी मिळण्याआधी एवढं विचारून कागदावर लिहून घ्या. पहिल्या आठवड्यात एका वेळी किती मिनिटं चालायचं. जिना कधीपासून. ज्या मनगटातून किंवा जांघेतून नळी घातली त्या बाजूने वजन कधीपासून उचलायचं. सॉर्बिट्रेट कधी घ्यायची आणि कधी अजिबात घ्यायची नाही. स्ट्रेस टेस्ट कितव्या आठवड्यात. व्यायाम शिकवणाऱ्या फिजिओच्या नावाची चिठ्ठी मिळेल का. आणि उन्हाळ्याच्या तोंडावर सुट्टी होत असेल तर दाबाच्या गोळीचं प्रमाण तेवढ्यापुरतं बदलायला लागेल का, हेही विचारा.